पावणेआठचा म्हणून फिरलेला सव्वापाचचा व्हिडिओ

हे एका बेपत्ता झालेल्या पोराचं प्रकरण आहे. पोरगा अल्पवयीन आहे आणि केस कोर्टात चालू आहे, त्यामुळं गावाचं नाव, माणसांची नावं, गाड्यांचे नंबर यातलं काहीच इथं देत नाही. परभणी आणि बीड जिल्ह्याच्या शिवेवरचं तालुक्याचं ठिकाण, एवढं पुरे. ज्यांना ओळख पटंल त्यांनीपण कुठं नाव टाकू नका, बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणं अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा छापणं किंवा पसरवणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मी सीसीटीव्ही फिटिंगचं काम करतो, या प्रकरणात एका डीव्हीआरचं, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या मशीनचं, फुटेज काढायला पोलिसांनी मला बोलावलं होतं आणि दोषारोपपत्रात माझा जबाब आहे. बाकी जे लिहितोय ते दोषारोपपत्रातून, मुलाच्या घरच्यांकडून आणि त्या तीन दिवसांत सगळ्यांच्या मोबाईलवर जे आलं त्यातून.

जानेवारी महिना, संक्रांत होऊन गेलेली. मुलगा तेरा वर्षांचा. बाप ऊसतोड मुकादम, टोळी घेऊन कोल्हापूरकडच्या कारखान्यावर गेलेला, आई आणि पोरगं इथं, कारण पोराची शाळा. बुधवारी शाळा सुटल्यावर पोरगा तसाच गणवेशावर ट्यूशनला गेला, साडेसहाला ट्यूशन सुटली, सव्वासातपर्यंत घरी आला नाही म्हणून आईनं सरांना फोन लावला, सर म्हणाले तो कधीच निघाला. मग शेजारपाजार, मित्र, मंदिर, क्रिकेटचं मैदान, बसस्टँड सगळं धुंडाळून साडेनऊच्या सुमाराला मंडळी पोलीस स्टेशनला गेली. त्याच रात्री गुन्हा दाखल झाला, अज्ञात इसमाविरुद्ध, भारतीय न्याय संहिता कलम १३७ पोटकलम २, म्हणजे अपहरण.

इथूनच गोंधळ सुरू झाला. एफआयआरच्या पहिल्या पानाचा फोटो कुणीतरी ग्रुपवर टाकला आणि लोकांनी तो वाचला असा की, बघा, पोलिसांनी स्वतःच अपहरण लिहिलंय म्हणजे त्यांना टोळीचा पत्ता लागलाय, फक्त दाबून ठेवायलेत. खरी गोष्ट अशी आहे की १८ वर्षांखालचं कुठलंबी लेकरू बेपत्ता झालं की पोलिसांना अपहरणाचाच गुन्हा दाखल करावा लागतो. १० मे २०१३ ला सुप्रीम कोर्टानं बचपन बचाओ आंदोलन या संस्थेच्या केसमध्ये तसा आदेश दिला, की लेकरू हरवल्याची तक्रार आली तर ती नुसती मिसिंग म्हणून वहीत नोंदवून ठेवायची नाही, अपहरण किंवा मानवी तस्करी झाली असंच धरून तपास सुरू करायचा. त्याआधी चोवीस तास थांबा, येईल परत, मामाकडं गेलं असंल, असं सांगून आईबापाला घरी पाठवायचे आणि त्या पहिल्या तासांतच लेकरं लांब जायची. आदेश एकदम बरोबर आहे. पण त्याचा अर्थ असा होतो की घरातून रुसून गेलेलं पोरगं, परीक्षेला भिऊन मुंबईची गाडी धरलेलं पोरगं, प्रेमप्रकरणात निघून गेलेली सतरा वर्षांची मुलगी, सगळ्यांची नोंद अपहरण म्हणूनच होते. मग त्या आकड्याचं कात्रण काढून कुणी म्हणायलं की जिल्ह्यात महिन्यात एवढी अपहरणं झाली, तर वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येणारच. आमच्याकडं तसंच झालं, जिल्ह्याचा जुना आकडा रात्री बाराच्या आत फिरायला लागला, त्यातली किती मुलं परत मिळाली हे त्या मेसेजमध्ये कुठंच नव्हतं.

रात्री दहाला पोस्टर आलं, फोटो, उंची, पांढरा शर्ट निळी पँट, आईचा नंबर. हे बरोबरच केलं, पहिल्या रात्री पोस्टर फिरलंच पाहिजे. पण आईचा नंबर दिल्यामुळं त्या बाईला रात्रभर फोन आले, कुणी जालन्यात बघितला म्हणतंय, कुणी नांदेड स्टेशनवर, एकानं तर पन्नास हजार पाठवा मग सांगतो असं म्हणलं, आणि तिकडं पोलिसांना तिचा फोन लागत नव्हता. पोस्टरवर ठाण्याचा नंबर टाकायचा, ११२ आणि १०९८ टाकायचा, घरच्यांचा नंबर टाकायचा नाही. साधी गोष्ट आहे, पण त्या घाईत कुणाच्या लक्षात येत नाही.

अकराच्या पुढं मात्र गाडी घसरली. पहिल्यांदा एक ऑडिओ क्लिप आली, बाईचा रडवेला आवाज, आपल्या भागात पोरं धरणारी टोळी उतरलीय, बायका बुरख्यात आहेत, माणसं भिकाऱ्याच्या वेषात आहेत, किडन्या काढतात. त्यात ना गावाचं नाव, ना तारीख, ना बोलणारीचं नाव. आणि त्याच्या मागं तो जुना व्हिडिओ, मोटरसायकलवरचे दोघं गल्लीत खेळणाऱ्या पोरांतून एक लेकरू उचलतात तो. तो व्हिडिओ आपल्या देशातलासुद्धा नाही. कराचीमधल्या रोशनी हेल्पलाईन नावाच्या संस्थेनं लोकांना सावध करायला बनवलेली ती जाहिरात आहे, मूळ व्हिडिओत ते दोघं फिरून येतात, लेकरू परत सोडतात आणि पाटी दाखवतात. तो शेवट कापून हा तुकडा २०१८ ला भारतभर फिरला. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत घालून मारलं. ती माणसं मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागत फिरणारी. त्याच्या आधी जूनमध्ये आपल्याच वैजापूर तालुक्यात चांडगावला चोर समजून मारहाण झाली आणि दोघांचा जीव गेला. त्यानंतर व्हॉट्सअॅपनं भारतात एका वेळी पाच जागीच फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली, सुप्रीम कोर्टानं १७ जुलै २०१८ ला झुंडबळीबद्दल प्रत्येक जिल्ह्यात नोडल अधिकारी नेमायचा आदेश दिला. एवढं सगळं होऊनसुद्धा तोच कापलेला व्हिडिओ आमच्याकडं त्या रात्री नवा म्हणून आला, आणि ज्यांनी पाठवला ते शिकलेले, नोकरीवाले लोक होते.

गुरुवारी सकाळी दोन-तीन पोरांनी फक्त याच केसचा नवा ग्रुप काढला. दुपारपर्यंत तो भरून गेला. त्यांचा हेतू वाईट होता असं मी अजिबात म्हणणार नाही, त्यातले अर्धे रात्रभर मोटरसायकलवर पोराला शोधत फिरलेले होते. पण ग्रुपवर शोध म्हणजे काय चाललं होतं ते सांगतो. कुणीतरी लिहिलं की ट्यूशनजवळ पांढरी इको उभी होती. ते लिहिणारा स्वतः तिथं नव्हता, त्यानं ऐकलेलं होतं. तासाभरात ‘म्हणे’ गळून पडलं आणि पांढरी इको पक्की झाली. मग लोकांनी दिसंल त्या पांढऱ्या इकोचे फोटो टाकायला सुरुवात केली. तुम्हाला माहितीय आपल्याकडं प्रत्येक गावात पांढऱ्या इको किती आहेत, पेशंट नेणारी इको, शाळेची इको, लग्नाच्या वऱ्हाडाची इको. लातूर पासिंगची एक गाडी नातेवाईकाच्या दहाव्याला चालली होती, ती नाक्यावर पोरांनी अडवली, आत बायका लेकरं, सगळी रडायला लागली. लेकराची टीसी नाही, आधार कार्ड नाही, मग हे लेकरू तुमचंच कशावरून, असं विचारायलेत. स्वतःचं लेकरू स्वतःचं आहे हे आईनं रस्त्यावर कसं सिद्ध करायचं?

आणि मग दुपारी एकच्या सुमाराला तो व्हिडिओ आला.

बसस्टँडसमोरच्या एका दुकानाचा कॅमेरा. दुकानदाराच्या पुतण्यानं मॉनिटरवर फुटेज चालवून समोरून मोबाईलनं शूट केलं, अठरा-वीस सेकंदांचं. एक माणूस, डोक्यावर बोचकं, हाताला धरून एक पोरगं, पांढरा शर्ट निळी पँट, मागं एक बाई. वरच्या कोपऱ्यात वेळ ०७:५२ पीएम. पोरगं एकदा मागं वळून बघतंय, माणूस त्याचा हात ओढतोय. झालं. ट्यूशन साडेसहाला सुटली, सव्वासातला आई शोधायली, सात बावन्नला पोरगं बोचकंवाल्याबरोबर स्टँडवर, सगळं जुळलं. लाल गोल काढलेले स्क्रीनशॉट सुरू झाले. कुणी पोराची चाल ओळखली, कुणी कानाचा आकार पोस्टरशी लावून दाखवला, तेही मॉनिटरवरून शूट केलेल्या व्हिडिओत, ज्यात कान म्हणजे चार ठिपके. एकानं त्या बाईच्या हातातल्या पिशवीत दोरी दिसतीय असं लिहिलं. गणवेश मात्र कुणी तपासला नाही, आपल्या सगळ्या भागात किती शाळांच्या पोरांच्या अंगावर पांढरा शर्ट निळी पँट असते याचा कुणी विचारच केला नाही.

दुपारी चारच्या आत एकानं ओळखलं, अरे हे तर भांडीवाले, आमच्या गावात येतात. आणि ओळखीचे निघाले म्हणून संशय कमी व्हायच्या जागी वाढला, म्हणजे हे रेकी करत होते, भांड्याच्या निमित्तानं घरं बघून ठेवत होते. ती बाई बोहारीण, जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देते, नवरा बोचकं वाहतो, गावोगाव फिरतात, वर्षानुवर्षं हेच काम. त्या दिवशी ते दोघं इथून बारा-पंधरा किलोमीटरवरच्या एका गावात होते. फोटो तिथं त्यांच्या आधी पोचलेला. पोरांनी पारावर अडवलं, पोरगं कुठंय विचारलं. तो म्हणला माझं पोरगं घरी आहे. लोकांनी ऐकलं की पोरगं याच्याकडंच आहे, कबूल केलं. मारायला सुरुवात झाली. त्या गावच्या पोलीस पाटलाला आणि सरपंचबाईंना मानलं पाहिजे, दोघांनी मध्ये पडून जोडप्याला शाळेच्या खोलीत घातलं, बाहेरून कुलूप लावलं, चावी सरपंचबाईंनी स्वतःच्या कमरेला खोवली आणि ११२ ला फोन केला. गाडी येईपर्यंत त्या दाराला पाठ लावून उभ्या होत्या. माणसाच्या डोक्याला टाके पडले, बाईच्या हाताचं हाड मोडलं. सगळी भांडी, बोचकं, मोबाईल कुठं गेलं कुणास ठाऊक.

रात्री मला पीएसआय साहेबांचा फोन आला की दुकानाचा डीव्हीआर बघायचाय, या. मी गेलो. असा डीव्हीआर समोर आला की फुटेज बघायच्या आधी एक काम करायचं असतं, आपला मोबाईल मॉनिटरला चिकटवून धरायचा आणि दोन्ही वेळा एका फोटोत घ्यायच्या. मोबाईलमध्ये रात्रीचे ९:१४ वाजलेले, मॉनिटरवर ११:४४ पीएम. बरोबर अडीच तास पुढं. हा फरक आमच्या लाइनमधल्या माणसाला लगेच ओळखू येतो. बाजारातले बरेच डीव्हीआर चिनी बनावटीचे, कारखान्यातून येतानाच त्यांचा टाइम झोन बीजिंगचा असतो, जीएमटी म्हणजे ग्रीनिचच्या वेळेत अधिक आठ तास. आपला अधिक साडेपाच. फिटिंग करणाऱ्यानं घाईत झोन बदलला नाही, नुसती हातानं वेळ लावली, तर काही दिवस बरोबर चालतं, पण नंतर मालकानं मोबाईलवर बघायला म्हणून इंटरनेट जोडलं की मशीन नेटवरून आपोआप वेळ उचलतं आणि बीजिंगची वेळ दाखवायला लागतं. दुकानदाराला कळतसुद्धा नाही, कारण तो गल्ल्याकडं लाइव्ह बघत असतो, कोपऱ्यातली वेळ कोण बघतंय. काही डीव्हीआरची आतली बटण बॅटरी मेलेली असते, लाइट गेली की घड्याळ पार वीस-पंचवीस वर्षं मागं जातं, तो वेगळा प्रकार, तो लगेच दिसतो तरी. अडीच तासाचा फरक दिसत नाही, म्हणून जास्त घातक.

म्हणजे ०७:५२ नव्हे, संध्याकाळचे ५:२२. आणि एकदा हे कळल्यावर मूळ फुटेज बघितलं तर सगळं समोरच होतं. एसटीच्या बसची सावली रस्ताभर लांब पडलेली. जानेवारीत आपल्याकडं सहाच्या आसपास सूर्य बुडतो, पावणेआठला कसली सावली? दुसरं म्हणजे चित्र रंगीत होतं. रात्रीपण रंगीत दाखवणारे कॅमेरे आता आलेत, पण हा जुना इन्फ्रारेडवाला, अंधार पडला की आपोआप ब्लॅक अँड व्हाइट होतो, त्याच दिवसाचं पुढचं फुटेज तसं झालेलं दिसत होतं. पानवाल्याच्या टपरीचा बल्ब बंद होता. हे मोबाईलवर शूट केलेल्या क्लिपमध्येसुद्धा दिसत होतं, शेकडो लोकांनी ती क्लिप झूम करून करून बघितली, सगळ्यांनी पोराचा कान बघितला, सावली कुणीच बघितली नाही.

५:२२ ला बेपत्ता पोरगा कुठं होता? ट्यूशनमध्ये. सर रोज वर्ग भरला की हजेरीचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकतात, त्या दिवशीचा ५:३१ चा फोटो होता, दुसऱ्या रांगेत भिंतीकडं मुलगा बसलेला स्पष्ट. स्टँडवर दिसलेलं पोरगं त्या जोडप्याचंच, जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला, बाप त्याला बसमध्ये बसवून घरी आजीकडं पाठवत होता आणि त्याला जायचं नव्हतं म्हणून मागं बघत होतं. हजेरीचा फोटो त्या पालकांच्या ग्रुपवर होता, आणि त्यातले कितीतरी पालक या शोधाच्या ग्रुपवरपण होते.

पंचनाम्यात वेळेतला फरक लिहिला, डीव्हीआर जप्त केला. कोर्टात चालायचं असंल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, कुठल्या मशीनमधून घेतलं, हॅश व्हॅल्यू म्हणजे त्या फाईलचा डिजिटल ठसा काय, सगळं. मॉनिटरवरून मोबाईलनं घेतलेल्या क्लिपला यात काहीच जागा नाही. आणि डीव्हीआर कायमचं काही ठेवत नाही, हार्डडिस्क भरली की जुनं पुसून त्याच्यावर नवं लिहितो, त्यामुळं खरा पुरावा वाचवायचा असंल तर दुकानदाराला गाठून मशीन बंद करायला लावणं आणि पोलिसांना कळवणं एवढंच काम आहे. या प्रकरणात ट्यूशनच्या गल्लीच्या तोंडाला अजून एक कॅमेरा होता, एका सोनाराचा, त्याच्याकडं तीन दिवस ग्रुपवरचं कुणी फिरकलं नाही. सगळं लक्ष स्टँडवर. त्या कॅमेऱ्यात ६:३४ ला एक मोटरसायकल जाताना दिसते, मागं पोरगा बसलेला, स्वतःहून, हातात दप्तर धरून.

कारण चालवणारा त्याच्या ओळखीचा होता.

आता जे प्रकरणाच्या मुळाशी होतं त्याकडं येतो. मुकादमाचा धंदा उचलीवर चालतो. हंगामाआधी कारखाना किंवा वाहतूकदार मुकादमाला पैसे देतो, मुकादम ते जोड्यांना वाटतो, एका कोयत्याला म्हणजे नवरा-बायकोला मिळून एवढे, आणि दसरा-दिवाळी झाली की टोळी गाडीत बसते. जोड्या मध्येच पळाल्या, दुसऱ्या कारखान्यावर गेल्या, तर त्यांची उचल मुकादमाच्या डोक्यावर राहते आणि मुकादम वाहतूकदाराला बांधलेला असतो. सगळा व्यवहार वहीवर, नाहीतर कोऱ्या बाँडवर. वसुलीसाठी माणूस उचलून नेणं हे आपल्या भागात ऐकलं नाही असं नाही. या मुकादमाच्या काही जोड्या आदल्या वर्षी फुटल्या होत्या आणि एका वाहतूकदाराचा हिशेब तुंबला होता. दोषारोपपत्राप्रमाणं त्याच वाहतूकदाराच्या भागीदारानं दोन माणसं लावून पोराला नेलं, त्यातला एक घरी येणंजाणं असलेला, पोरगा त्याला काका म्हणायचा. बुधवारी रात्रीच बापाला फोन गेला होता, हिशेब मिटव, पोलिसात गेलास तर पोरगं दिसणार नाही. बाप फडात, चारशे किलोमीटरवर, भिऊन गप्प बसला. बायकोलासुद्धा सांगितलं नाही. तिनं तोपर्यंत गुन्हा दाखल केलेला.

आणि ही गोष्ट ग्रुपवर आली होती. बुधवारी रात्रीच, जुन्या गल्लीच्या ग्रुपवर, शेजारच्या अंगणवाडी ताईंनी लिहिलं होतं की मुकादमभाऊंचा पैशाचा काही वाद चालू होता, तेपण बघा. अॅडमिननं दोन-चार मिनिटांत तो मेसेज डिलीट केला आणि खाली लिहिलं, कुणाच्या घरगुती गोष्टी ग्रुपवर नको, बदनामी होते. वाहतूकदार त्या ग्रुपवर होता. त्याच्या ट्रॅक्टरवर, त्याच्या दारात गावातल्या कितीतरी पोरांचं पोट आहे. त्याच अॅडमिननं दुसऱ्या दिवशी भांडीवाल्याचा फोटो लाल गोलासकट चार ग्रुपवर टाकला, तेव्हा बदनामीचा विचार आला नाही.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त हेच लागलंय. संशय कुणावर जातो? ज्याला उत्तर द्यायला ग्रुपवर जागा नाही त्याच्यावर. बोहारीण, नंदीवाला, बहुरूपी, चादरी विकणारे, भिक्षेकरी, दुसऱ्या भाषेत बोलणारा मजूर. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगलीच्या जत तालुक्यात उत्तर प्रदेशच्या चार साधूंना असंच पोरं पळवणारे म्हणून मारलं, पत्ता विचारण्यावरून. बाहेरून आलेला माणूस दिसला की आपल्याला टोळी दिसते, आणि ओळखीचा, पैसेवाला, आपल्याच मांडवात बसणारा माणूस मनात आला तरी आपण म्हणतो, जाऊ दे. मी असं म्हणत नाही की वाहतूकदाराचं नाव ग्रुपवर लाल गोलात टाकायला पाहिजे होतं. तेही चूकच झालं असतं, आणि धोक्याचं, नाव उघड फिरलंय हे कळलं असतं तर त्यांनी पोराचं काय केलं असतं देव जाणे. त्या माहितीची जागा पोलीस ठाणं होती. आणि ताई तिथंच गेल्या. गुरुवारी दुपारी सगळं गाव क्लिप बघायलं होतं तेव्हा त्या एकट्या जाऊन महिला हवालदार मॅडमना सांगून आल्या, माझं नाव येऊ देऊ नका म्हणून. तिथून स्थानिक गुन्हे शाखेनं पोराच्या मामाला गाठलं, मामानं बापाला फोनवर रडून रडून बोलतं केलं, रात्री तो नंबर मिळाला. मग सीडीआर म्हणजे कॉलच्या नोंदी, टॉवर लोकेशन, आणि शुक्रवारी पहाटे शेजारच्या तालुक्यात एका शेतातल्या आखाड्यावरून, म्हणजे शेतातल्या घरावरून, पोरगा सुखरूप मिळाला. चौघं अटक. गुन्ह्यात कलम १४० पोटकलम २ वाढलं, खंडणीसाठी अपहरण, त्याला जन्मठेप किंवा फाशीपर्यंत शिक्षा आहे.

एक गोष्ट चांगली झाली ती योगायोगानं. ट्यूशनसमोरच्या टपरीवाल्यानं पोराला मोटरसायकलवर बसताना बघितलं होतं, चालवणाऱ्याला तो ओळखत नव्हता. ओळख परेडमध्ये त्यानं बरोबर ओळखलं. हे टिकंल, कारण त्या आरोपीचा फोटो आधी कुठं फिरलेला नव्हता. फिरला असता तर आरोपीच्या वकिलानं पहिला प्रश्न हाच विचारला असता, तुम्ही यांना रस्त्यावर बघितलं की व्हॉट्सअॅपवर? चुकीच्या माणसाचा फोटो फिरला तर तो माणूस मरतो, बरोबर माणसाचा फिरला तर तो सुटू शकतो, हे ग्रुपवरच्या पोरांना कुणीतरी बसवून सांगायला पाहिजे.

हे फक्त आपल्या खेड्यातलं अज्ञान आहे असं समजू नका. एप्रिल २०१३ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्ब फुटले तेव्हा रेडिट नावाच्या वेबसाइटवर हजारो लोकांनी गर्दीचे फोटो लावून आरोपी शोधायला घेतले आणि ब्राऊन विद्यापीठाच्या एका भारतीय वंशाच्या बेपत्ता विद्यार्थ्याचं नाव पुढं केलं. घरचे त्याला महिन्याभरापासून शोधत होते, त्यांनी उघडलेल्या पेजवरच शिव्या सुरू झाल्या. नंतर त्याचा मृतदेह नदीत सापडला, बॉम्बशी त्याचा काही संबंध नव्हता. रेडिटनं माफी मागितली. पण लोकांच्या डोळ्यांचा चांगला उपयोग कसा होतो तेही बघा, युरोपोल या युरोपातल्या देशांच्या पोलीस संस्थेनं २०१७ पासून एक उपक्रम चालवलाय, लेकरांवरच्या अत्याचाराच्या फोटोंतून लेकरू आणि माणूस पूर्ण काढून टाकतात आणि फक्त मागची एखादी वस्तू लोकांपुढं ठेवतात, ही पिशवी कुठल्या देशात मिळते, हा पडदा कुणी ओळखतं का, आणि उत्तर थेट त्यांच्याकडंच पाठवायचं. लोकांना वस्तू विचारतात, चेहरा विचारत नाहीत. आमच्या क्लिपमध्येपण लोकांना कुणी विचारलं असतं की ही सावली किती वाजताची, तर शेतात राबणाऱ्या कुठल्याही माणसानं एका मिनिटात सांगितलं असतं.

भांडीवाल्या जोडप्याच्या मारहाणीचा गुन्हा वेगळा दाखल आहे, गावातल्या काही पोरांवर आणि त्या अॅडमिनवर, अफवेसाठी कलम ३५३ पण लावलंय. अॅडमिनचा वकील नागपूर खंडपीठाचा २०२१ चा निकाल दाखवतोय की दुसऱ्याच्या पोस्टसाठी अॅडमिन जबाबदार नाही. निकाल बरोबर आहे, पण इथं फोटो आणि त्याखालचा मजकूर त्यानं स्वतः टाकलेला आहे, त्यामुळं त्याचा काय उपयोग होईल ते कोर्ट ठरवंल. ते जोडपं आता या भागात येत नाही. बाईचा हात पूर्ण वळत नाही. गल्लीतल्या काही लोकांनी वर्गणी काढून भांड्यांचे पैसे दिले, ते त्यांनी घेतले, परत या म्हणल्यावर मात्र काही बोलले नाहीत.

पोराचं पोस्टर अजून फिरायलंय. मागच्या महिन्यात हिंगोलीच्या एका ग्रुपवर आलं, बेपत्ता म्हणून. आईनं शाळा बदललीय, तिथल्या पोरांच्या मोबाईलवरपण ते पोचलंय. तुमच्याकडं असं कुठलं पोस्टर आलं तर खाली तारीख बघा, ठाण्याला फोन करून विचारा पोरगं मिळालं का, आणि मिळालं असंल तर ते पुढं पाठवू नका, ज्यानं पाठवलं त्याला डिलीट करायला सांगा. दुकानदार मंडळींनी आज रात्री दुकान बंद करायच्या आधी डीव्हीआरच्या सेटिंगमध्ये जाऊन टाइम झोन जीएमटी अधिक ५:३० आहे का बघा, नसंल तर बदला, जमत नसंल तर ज्यानं फिटिंग केलं त्याला बोलवा, दोन मिनिटांचं काम आहे आणि त्याचे पैसे कुणी घेऊ नयेत.